जावयासाठी धरलेले पलंग

सुरतेच्या उधन्यात आमच्या खान्देशी लोकांत माझी एक ख्याती आहे. रुसलेला जावई बसवायचा असेल तर हा माणूस बरा, असं म्हणतात. मी पुढारी नाही, वकील नाही, लग्नं जुळवणारा तर मुळीच नाही. सुरतेबाहेर डुमसच्या बाजूला एका रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावावर मी टॉवेल वाटायचो आणि पलंग सांभाळायचो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काही लिहा म्हणून निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, "जावयाचं लिहा. नाहीतरी लोक तेवढ्यासाठीच ओळखतात तुम्हाला." ती हे कौतुकाने म्हणाली नव्हती. पण विषय बरा सुचवला.

आधी धंदा सांगतो.

तलावाच्या काठाला पांढरे, लांबट, पाठ वर-खाली करता येणारे प्लॅस्टिकचे पलंग असतात, ते तुम्ही जाहिरातीत पाहिले असतील. मॅनेजर त्यांना सनबेड म्हणायचे. उन्हात पडून अंग शेकायला म्हणून साहेब लोकांनी ते काढले. आता सुरतेत कोण पैसे भरून ऊन खायला येणार? आमच्याकडे त्या पलंगाची किंमत सावलीवर. सकाळी इमारतीच्या सावलीतला पलंग राजा, जेवणाच्या वेळेला तोच भिकारी. मग लोक पलंग ओढत सावलीच्या मागे निघतात, फरशीवर खर्रर्र आवाज होतो, आणि तो आवाज आला की समजायचं, आता भांडण. शिवाय त्यावर कोणी झोपत नाही. त्यावर ठेपल्यांचे डबे असतात, ओले कपडे असतात, पिशव्या असतात आणि त्या पिशव्यांची राखण करायला एक आजी असते. पलंग थोडे, पिशव्या फार. त्या दोघांच्या मधे मी.

मला पोहता येत नाही, हेही सांगून टाकतो. पाण्यात उडी मारायला लाइफगार्ड वेगळा होता. माझ्या गळ्यात शिट्टी होती ती पलंगांसाठी. पण हाफ पँट, पांढरा गंजीफ्रॉक आणि शिट्टी पाहिली की आमच्या गल्लीतल्या बाया पोरं घेऊन दारात यायच्या, "भाऊ, याला पोहायला शिकवा." मी म्हणायचो, "तिथलं पाणी औषधाचं असतं, शिकाऊ पोरांना सोसत नाही." त्यांनाही ते पटायचं. सगळी नोकरी पाण्याकाठी काढली आणि पाणी कधी घोट्याच्या वर येऊ दिलं नाही.

पलंग धरायच्या रीती काय सांगाव्यात. माझं लहानपण शिरपूरच्या एसटी स्टँडवर गेलं. तिथे खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली. रुमालावर बसणारा माणूस म्हणजे चोरच. त्यामुळे इथलं बघून मला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं. कोणी टॉवेल टाकायचा, कोणी चप्पल, कोणी पोराची हवेची बदकं. टॉवेल सगळे रिसॉर्टचे, सगळे पांढरे, म्हणून बायका खूण म्हणून पलंगाच्या दांड्याला कपाळाची टिकली लावायच्या. संध्याकाळी मी नखाने टिकल्या काढत बसायचो. एका घराने तर आजोबाच दोन पलंगांवर आडवे ठेवले होते, डोकं एकावर, पाय दुसऱ्यावर. मी म्हटलं, "दादा, एकावर व्हा." ते म्हणाले, "मने उठाडशो नहीं, मने तो मूकी ने गया छे." मला उठवू नका, मला ठेवून गेलेत. वस्तू उचलता येते, ठेवलेल्या माणसाला कसं उठवायचं?

रिसॉर्टचा नियम होता. टॉवेल टाकून माणूस अर्ध्या तासात आला नाही, तर टॉवेल उचलायचा आणि पलंग दुसऱ्याला द्यायचा. एसटीत वाढलेल्या माणसाने दुसऱ्याचा रुमाल उचलायचा, म्हणजे सुरुवातीला मी आधी चारही बाजूंना बघून घ्यायचो. नंतर सवय झाली, आणि पुढे तर मजा यायला लागली. बसलेल्या माणसाला उठवणं ही एक कला आहे. समोरून जायचं नाही, बाजूने जायचं. वाकायचं, हसायचं, आणि बोलता बोलता त्याच्या अंगाखालच्या टॉवेलचं टोक हातात धरायचं. ओढायचं नाही, नुसतं धरायचं. माणूस आपोआप उठतो. वर तोच म्हणतो, "सॉरी हं." मॅनेजर नव्या पोरांना माझं नाव सांगायचे, "इनसे सीखो, ये गेस्ट को ऐसे उठाते हैं कि गेस्ट थँक यू बोलता है." मला त्याचा अभिमान होता. आता लिहिताना तो शब्द जरा टोचतो, पण होता.

चुका पुष्कळ केल्या. लंडनहून एक बाई आल्या होत्या, मूळच्या सुरतेच्याच. भर उन्हात पलंग ओढून पडल्या आणि डोळे मिटले. मला वाटलं, बिचारीला सावली मिळाली नाही. मी मोठी छत्री आणून त्यांच्यावर धरली आणि बूड पक्कं केलं. थोड्या वेळाने पाहतो तर बाई पुन्हा उन्हात. मी पुन्हा छत्री सरकवली. तिसऱ्यांदा त्या थेट मॅनेजरकडे गेल्या, हा माणूस छत्री घेऊन माझ्या मागे लागलाय म्हणून. मी म्हटलं, "साहेब, बाई भाजून निघत होत्या." मॅनेजर म्हणाले, "अरे भाई, वो भाजने ही आई है." मी माफी मागितली. त्या हसल्या आणि मला चॉकलेट दिलं. ते उन्हाने वितळलेलं होतं.

असो. जावई.

त्या वर्षी अधिक महिना आला होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, कपडे करायचे, ताटात अनारसे आणि दिवा ठेवून ते ताट त्याला द्यायचं, हाच धोंडा. जावई म्हणजे त्या दिवशी देवच, मग एरवी तो कसाही असो. महिन्याच्या सुरुवातीला आमच्या घरी तात्या आणि माई आले. तात्या आमच्याच भागातले. मी आणि ते उधन्यात एका कारखान्यात लूमवर होतो. मी तिथून पळालो, ते टिकले आणि आता त्यांच्या घरच्या एम्ब्रॉयडरीच्या मशिनी आहेत. त्यांना मुलगी एकच, रेखा. ती संक्रांतीपासून माहेरी होती.

"जावईबापू म्हणतात, तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही," तात्या म्हणाले. "आणि पोरीला न्यायला तर यायलाच हवं. मग त्यांच्या मामांनी तोडगा काढला. ना तुमचं घर, ना आमचं. मोकळ्या जागेत भेटा, धोंडा तिथंच द्या, आणि गोड झालं तर पोर तिथूनच त्यांच्या गाडीत बसेल. मला तू आठवला."

"झालं काय होतं?" माझ्या बायकोने विचारलं.

माई चहाच्या कपात बघत म्हणाल्या, "काय होतं घराघरात. एखाद्या वेळेस हात उचलला असेल."

"एखाद्या वेळेस म्हणजे कितींदा, माई?"

माईंनी कप खाली ठेवला. तात्या म्हणाले, "तसं नाही वहिनी. माणूस तापट आहे, वाईट नाही. मानाचा भुकेला आहे. मान मिळाला की लोण्यासारखा." मग माझ्याकडे वळून, "झाडाखालचे पलंग धरून ठेव. पाहुण्यांना उभं राहावं लागलं तर संपलं बघ. तेवढं तुझ्या हातात."

तेवढं माझ्या हातात होतंच. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही निश्चिंत राहा." ते गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही पलंग धरा. पोरीला धरायला बाकीचे आहेतच."

ठरलेला दिवस रविवार निघाला. दोन दिवस पावसाने उघडीप दिलेली, कडक ऊन, म्हणजे सगळं सुरत बाहेर. मी फाटक उघडायच्या आधी कडुलिंबाखालच्या चार पलंगांवर चार टॉवेल टाकले. ज्याने दुसऱ्यांचे टॉवेल उचलण्यात जन्म घालवला त्याने स्वतः टॉवेल टाकले. बरं, वर स्वतःच पहाऱ्याला उभा.

सकाळीच वराछाकडची एक आजी आली, नातवंडांचं लटांबर घेऊन. पायांना सूज, हातात काठी. सगळे त्यांना बा म्हणत होते. त्या सरळ झाडाखाली आल्या.

"भाई, आ कोना छे?" हे कोणाचे, म्हणून विचारलं.

"माणस आवे छे, बा."

"क्यारे?"

"हमणां ज." आत्ताच येतील.

बा भिंतीच्या कडेला कट्ट्यावर जाऊन बसल्या. तो कट्टा तापलेला होता, मला माहीत होतं. मी दुसरीकडे बघितलं.

तात्या, माई आणि रेखा वेळेवर आले. रेखाला मी लग्नात पाहिलं होतं, तेव्हा ती खळखळून हसत होती. आता हसत नव्हती असं नाही, पण आधी समोरच्याचं तोंड बघून मग हसायची. माईंच्या गुडघ्यांनी फार वर्षांपूर्वीच दगा दिलेला. मी त्यांना एका पलंगावर बसवलं, पाठ खाली केली, पाय वर घेऊन दिले. त्या आधी लाजल्या, मग आडव्या झाल्या आणि वर कडुलिंबाकडे बघत म्हणाल्या, "अगं बाई. असं दिसतं होय."

"काय गं?" रेखाने विचारलं.

"झाड. खालून झाड कधी बघितलंच नाही मी."

रेखा त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांचे गुडघे चोळू लागली. मला हळूच म्हणाली, "काका, मी नाही म्हणणार आहे."

"कशाला?"

"जायला. सगळ्यांसमोर नाही म्हणणार. घरी म्हटलं तर कोणी ऐकत नाही. इथे लोक असतील, आरडाओरडा करता येणार नाही कोणाला." मग म्हणाली, "तात्यांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटलं. पण आणखी एक विचार आला, तोही लिहून टाकतो: आता हे चार पलंग कशासाठी धरून ठेवायचे? तरी धरून ठेवले. काम म्हणजे काम.

जावई येता येईनात. तात्या दर थोड्या वेळाने फाटकाकडे जाऊन येत. तीन पलंगांवर नुसते टॉवेल. बा दोनदा आल्या.

"तुं तो सवारनो हमणां हमणां करे छे," त्या म्हणाल्या. सकाळपासून तुझं आपलं आत्ताच, आत्ताच. आणि मग नातवाला ऐकू जाईल असं, "आना पोताना सगा हशे." याचेच नातेवाईक असतील. बाईंनी अचूक ओळखलं. मी नियम दाखवावा तर नियम माझ्याच विरुद्ध. मी शिट्टी वाजवली, उगाच, पाण्यातल्या एका पोराला.

शेवटी पाहुणे आले. जावई, त्यांची आई, आणि न सांगता आणलेले दोन मित्र. मी मनातल्या मनात माणसं आणि पलंग जुळवले. एक पलंग कमी. तात्या पुढे धावले, "या या, पाहुणे, बसा." जावयांनी तीन रिकामे पलंग पाहिले. त्यांनी आईला एकावर बसवलं, मित्रांना दोन दाखवले. आणि स्वतः उभे राहिले.

"बसा ना, बापू."

"आम्हाला उभं राहायची सवय आहे, तात्या. तुमच्याकडं आम्ही नेहमीच उभे."

एक मित्र खाली बघून हसला. विहीणबाई इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "राहू द्या हो, आम्ही काय बसायला आलोय का. बोलवलं म्हणून आलो."

चौथ्या पलंगावर माई होत्या. पाय लांब केलेल्या, डोळा लागलेला.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. माईंकडे नाही, रेखाकडे नाही, माझ्याकडे. त्या नजरेत विनंती होती की हुकूम ते मला आजही सांगता येणार नाही. रेखाने तेवढ्यात म्हटलं, "मी खुर्ची आणते," आणि ती उठली. ती परत येईपर्यंत थांबलो असतो तर झालं असतं. खुर्च्या काही लांब नव्हत्या. पण माझं अंग आधीच निघालं होतं. बाजूने गेलो. वाकलो. हसलो. "माई, जरा उठता का," म्हणालो, आणि बोलता बोलता टॉवेलचं टोक हातात धरलं.

माई जाग्या झाल्या. समोर जावई उभे बघून त्यांची धांदल उडाली. पदर सावरला, पाय खाली घेतले, गुडघा वाकेना, एका हाताने पलंग आणि एका हाताने माझा दंड धरून उठल्या. आणि मला म्हणाल्या, "चुकलं बरं का भाऊ, डोळा लागला माझा."

मी टॉवेल झटकला, उलटा करून अंथरला. जावई बसले. आता तो पलंग असा, की त्यावर सरळ बसताच येत नाही, माणूस मागेच कलंडतो. ते मागे टेकले, पाय पुढे आले. तात्या त्यांच्या पायाशी उकिडवे बसले. पाय धुवायला पाणी हवं, तर मी तांब्या घेऊन तलावातलंच पाणी आणून दिलं. धोंड्याचे पाय क्लोरीनच्या पाण्याने धुवायला लावणारा मीच पहिला असेन. आमच्या भोवती ओल्या कपड्यातली पोरं जमा झाली आणि बघत राहिली. एका पोराने विचारलं, "अंकल, इनका पाँव टूट गया क्या?"

रेखा खुर्ची घेऊन आली तेव्हा माई झाडाच्या बुंध्याला टेकून उभ्या होत्या. रेखाने ती खुर्ची त्यांच्यामागे ठेवली आणि म्हणाली, "बस." माई बसेनात. विहीण पलंगावर आणि आपण खुर्चीवर, म्हणजे आपण उंच होतो, बरं दिसत नाही, असं त्या पुटपुटल्या. "बस गं," रेखा पुन्हा म्हणाली. माईंनी मान हलवली. त्यांचा गुडघा लटलट कापत होता, लुगड्यातून दिसत होता. तात्या ताटात अनारसे मांडत होते. एकेक अनारसा, जाळी वर करून, नीट.

मी रेखाकडे बघत होतो. आता म्हणेल, असं मला वाटत होतं. सगळे समोर होते, लोक होते, तिने म्हटलं होतं तसंच सगळं जमून आलं होतं.

जावयांनी ताट घेतलं, अनारशाचा तुकडा मोडला आणि आईकडे बघत म्हणाले, "मग? काय ठरलंय तुमचं?"

तात्या म्हणाले, "आमचं काय, बापू, तुम्ही म्हणाल तसं."

"तिला विचारा."

रेखाने माईंच्या गुडघ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "निघू या. आत्ताच निघू."

"जेवण तरी..." तात्या उठत म्हणाले.

"नको. मी निघाल्याशिवाय आई काही बसणार नाही."

हे तिने इतक्या साध्या आवाजात म्हटलं की विहिणीला तो मानच वाटला. "शहाणी आहे हो पोर," त्या म्हणाल्या. तात्यांनी डोळे पुसले. मित्रांपैकी एकाने रेखाची पिशवी उचलली. जाताना ती माझ्याजवळून गेली, मी काहीतरी बोलणार होतो, पण ती "येते काका" म्हणाली, जशी कोणत्याही घरून निघताना म्हणाली असती.

तात्या त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले आणि परत येऊन त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तू पलंग धरले म्हणून झालं रे," म्हणाले. "उभं ठेवलं असतं तर फिसकटलंच होतं." हेच त्यांनी पुढे उधनाभर सांगितलं. त्याच महिन्यात आणखी दोघांनी माझ्याकडे आपापले जावई आणले, आणि मी त्यांनाही झाडाखाली जागा करून दिली. रेखाचं विचारलं की तात्या म्हणतात, "नांदते आहे." त्याच्या पुढे ते काही सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. बायको विचारते. तिलाही तेवढंच उत्तर मिळतं.

त्या दिवशी मात्र तात्या बिलाचं बघायला आत गेले आणि झाडाखाली आम्ही दोघंच उरलो. चारही पलंग रिकामे. मी टॉवेल सारखा केला आणि म्हटलं, "माई, आता पडा जरा. आता कोणी उठवणार नाही."

माई पलंगाकडे बघत उभ्या राहिल्या. एवढ्यात बा काठी टेकत आल्या. सकाळपासून त्या त्याच कट्ट्यावर होत्या. मला काही न विचारता त्यांनी माईंनाच विचारलं, "बेन, आ खाली थयुं?"

माईंना गुजराती नीट येत नाही, पण हे रिकामं झालं का, एवढं समजलं. त्यांनी खाली वाकून पलंगाखालची आपली पिशवी उचलली, टॉवेलवरची सुरकुती हाताने साफ केली आणि बांचा हात धरून त्यांना बसवलं.

"बसा बाई," त्या म्हणाल्या. "आमचं झालं."